पेलेट भट्टी, 14 महिने वापरून: भट्टी चांगली आहे, पण स्क्रू जाम झाला तर उघडायचा कसा ते आधी शिकून घ्या

आमची मेस लातूरला ट्यूशन एरियाजवळ आहे, घरातच, खाली स्वयंपाक आन जेवणाची खोली, वर आम्ही राहतो. सकाळ संध्याकाळ साठेक लेकरं जेवतात, जास्त करून नीटची तयारी करणारी, कुणी उदगीरचं, कुणी गंगाखेडचं, कुणी पार किनवटवरून आलेलं. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पेलेटवर चालणारी भट्टी घेतली, 31 हजारला, आन तेव्हापासून इतक्या जणांनी विचारलं की कशी आहे, घ्यावी का, गॅस खरंच वाचतो का, की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. कंपनीचं नाव लिहीत नाही. असल्या भट्ट्या आता बरेच जण बनवायलेत आन आतला सांगाडा सगळ्यांचा जवळपास एकच, त्यामुळं आमच्या भट्टीला जे झालं ते कुणाच्याही भट्टीला होऊ शकतं.

ज्यांनी बघितलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, सोयाबीनची गुळी, पऱ्हाट्या, तुराट्या, शेंगांची टरफलं असलं सगळं दळून मशीनमध्ये दाबून केलेल्या कांड्या, खडूपेक्षा जरा बारीक. भट्टीच्या बाजूला एक डबा असतो त्याला हॉपर म्हणतात, आमच्यात 20 किलो बसतात. डब्याच्या बुडाला लोखंडी पाईप आन पाईपात स्क्रू, हातानं फिरवायच्या शेवयाच्या मशीनमध्ये असतो ना तसाच, फक्त लांब. तो गिअरच्या मोटरवर सावकाश फिरतो आन कांड्या ढकलत ढकलत जाळाच्या भांड्यात नेऊन टाकतो. खालून ब्लोअर हवा मारतो. समोर दोन बटणं, एक कांड्या किती वेळानं पडायच्या त्याचं, दुसरं हवेचं. बस, एवढीच भट्टी.

ही कल्पना मूळची थंड देशातली, अमेरिकेत 1980 च्या दशकात घर उबदार ठेवायला अशा हॉपर आन स्क्रूच्या भट्ट्या निघाल्या, तिकडं हिवाळाभर पेटत्या असतात. आपल्याकडं 2006 ला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या डिझाइनचा ‘ऊर्जा’ नावाचा छोटा पेलेट स्टोव्ह आला होता, माझ्या मावशीकडं होता तो, कांड्या वरून हातानं भरायच्या आन खाली छोटा पंखा. त्यात स्क्रूच नव्हता त्यामुळं अडकायचं काही कामच नाही, पण भरलेलं जळून गेलं की जाळ संपला. मावशी वरण आधी शिजवायची, मग पुन्हा भरून भात. साठ जणांचा स्वयंपाक तसा होत नाही, आपल्याला सतत जाळ लागतो, म्हणून स्क्रूवाली भट्टी घ्यावी लागते, आन स्क्रू आला की जाम होणं आलंच.

खर्चाचं सांगते. आधी आमची 19 किलोची कमर्शियल टाकी अडीच दिवस जायची. कागदावर बघितलं तर एक किलो गॅसमध्ये जेवढी उष्णता तेवढी साधारण तीन किलो चांगल्या पेलेटमध्ये. आमच्याकडं दिवसाला 22 ते 25 किलो पेलेट जळतात, आम्हाला पोच 13 रुपये किलोनं मिळतात. चपात्या आन भाकरी अजून गॅसवरच आहेत, त्याला मंद जाळ लागतो आन भट्टीचा जाळ तसा बारीक होत नाही. पण वरण, भात, भाजी, येसराची आमटी, अंघोळीचं पाणी हे सगळं भट्टीवर. टाकी आता सात-आठ दिवस जाते. म्हणजे वाचतात पैसे, चांगले वाचतात, यात शंकाच नाही. दुसरी गोष्ट जी मला पैशाइतकीच मोठी वाटते ती म्हणजे पातेल्यांची बुडं काळी होत नाहीत. लाकडाच्या चुलीवरचं पातेलं घासायला किती पाणी जातं ते लातूरच्या बाईला सांगायची गरज नाही, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या शहराला, तेव्हा आम्ही भांडी राखेनं कोरडी घासून फडक्यानं पुसायचो. या भट्टीवर हवा बरोबर लावली तर धूर जवळपास नाहीच, काजळी नाहीच.

आता मुख्य गोष्ट.

सप्टेंबरात, पाऊस चालू होता सलग चार दिवस, संध्याकाळी पावणेसहाला आमटी अर्धी शिजलेली आन जाळ बसायला लागला. मला वाटलं हॉपर रिकामं झालं, बघितलं तर अर्ध्याच्या वर कांड्या. बटण वाढवलं, काही नाही. कान लावला तर मोटर फक्त घुंंऽऽ करायलीय, फिरत नाही. साडेसातला लेकरं जेवायला येणार. पातेलं उचलून गॅसवर ठेवलं, ती रात्र निभावली, पण गॅसची टाकी दुसऱ्या दिवशी दुपारीच संपली आन कंपनीला फोन लावला तर म्हणे माणूस पुण्याहून येतो, चार-पाच दिवस लागतील, तोपर्यंत मॅडम तुम्ही उघडू नका, उघडलं तर वॉरंटी जाईल. साठ लेकरांचं जेवण चार-पाच दिवस कुठून करायचं याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. यात मला राग मोटर अडकल्याचा नाही, यंत्र आहे, अडकणारच. राग याचा आहे की विकताना कुणी एका शब्दानं सांगितलं नाही की हे अडकतं, अडकलं तर असं असं करा. 31 हजाराची वस्तू देताना दहा मिनिटं स्क्रू काढून दाखवायला काय हरकत होती.

आमचे भाऊजी आयटीआय केलेले आहेत, फिटर. ते म्हणाले, "वहिनी, वॉरंटी गेली तर गेली, पोरं उपाशी ठेवायचीत का?" आन आम्ही दोघांनी मिळून उघडली. जे केलं ते क्रमानं सांगते, कारण हे दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल.

भांड्यात जाळ शिल्लक असेल तर आधी ब्लोअर तसाच चालू ठेवायचा आन जाळ आपोआप संपू द्यायचा. लगेच प्लग ओढला तर धूर मागं पाईपात आन हॉपरमध्ये जातो, आन पाईपातल्या कांड्या आतल्या आत धुमसत राहतात. सगळं विझून भांडं हाताला गार लागलं की मग प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर. स्क्रू अडकलेला असला तरी त्याच्यावर मोटरचा ताण असतो आन अडथळा निघाला की तो एकदम फिरू शकतो, बोट आत असेल तर गेलंच समजा. हे मी मोठ्यानं सांगते कारण पहिला हात आपला तिकडंच जातो.

मग हॉपर पूर्ण रिकामा केला. वरच्या कांड्या मगानं काढल्या, त्या छान खडखडीत होत्या. पण खाली गेलो तसा तळाला नुसता चुरा, वीतभर थर, आन हाताला गार लागणारा. तेव्हाच लक्षात आलं भाऊजींच्या. "कांड्यांनी नाही अडकलं हे, भुकटीनं अडकलंय."

मोटर चार बोल्टवर असते, 13 चा पाना लागला. मोटर बाजूला केली की स्क्रूचं मागचं टोक मोकळं दिसतं. भाऊजींनी पाईप पाना लावून आधी उलटा फिरवला, म्हणजे कांड्या ज्या बाजूला ढकलतो त्याच्या विरुद्ध. सुलटा फिरवला असता तर भुकटी अजून घट्ट बसली असती. जरा जरा, अर्धा वळसा उलटा, पाव सुलटा, परत उलटा. हातोडी घ्यायची नाही, पातं वाकलं तर स्क्रू आयुष्यभर घासत राहील. दहा-पंधरा मिनिटांनी कर्रर्र करून सुटला आन स्क्रू ओढून बाहेर घेतला.

तो स्क्रू मी परातीत घेऊन उजेडात बघितला. पात्यांच्या मधल्या फटीत भुकटी इतकी घट्ट बसलेली की सरकी पेंडीचा तुकडा वाटावा, काळपट तपकिरी, नखानं निघत नव्हती, लांब पेचकसानं टोकरून काढावी लागली आन तुटताना पेंडीसारखेच पापुद्रे पडायचे. आन शाफ्टला, हॉपरच्या तोंडाजवळ, सुतळी गुंडाळलेली. पोत्याची शिवण उसवताना जी सुतळी कांड्यांबरोबर पडली ती फिरून फिरून दोरखंडासारखी आवळली होती, ब्लेडनं कापावी लागली. एक छोटा खडा पण निघाला, हरभऱ्याएवढा. म्हणजे तिन्ही कारणं एकाच वेळी.

पाईप आतून कोरड्या फडक्यानं आन तारेच्या ब्रशनं साफ केला. एक सांगते, पाणी अजिबात टाकायचं नाही. शेजारच्या एकांनी सांगितलं होतं की पाणी ओता, विरघळून निघेल. पेलेट पाणी प्यायलं की दुपटीच्या वर फुगतं, ग्लासात एक कांडी टाकून बघा, थोड्याच वेळात लापशी होते. ती लापशी पाईपात वाळली तर मग पाईपच कापावा लागेल. रॉकेल किंवा तेल पण नाही, पुढं जाळ आहे हे विसरायचं नाही. सगळं बसवून आधी पाच मिनिटं रिकामा स्क्रू फिरवला, आवाज एकसारखा आला, मग मूठ मूठ कांड्या टाकल्या, मग पेटवली. सकाळी साडेनऊला बसलो होतो, बाराच्या आत वरण चढलं.

ओल कुठून आली तेही शोधलं. पोती आम्ही शहाबादी फरशीवर थेट ठेवली होती, भिंतीला टेकून, आन पावसाळ्यात ती फरशी घाम धरते हे आम्हाला माहीत असून सुचलं नाही. चांगल्या पेलेटमध्ये ओल 10 टक्क्यांच्या आत पाहिजे. वरून पाणी पडलं नाही तरी ते हवेतली, जमिनीतली ओल ओढून घेतं, मग कांडी ठिसूळ होते, पोतं उचलता आपटता तिचा चुरा होतो आन तो चुरा तळाला जमतो. आता खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, वरून ताडपत्री, आन पावसाळ्यात हॉपरमध्ये रात्री कांड्या ठेवतच नाही, संध्याकाळी लागतील तेवढ्याच भरते.

आन सगळ्यात मोठा फरक पडला तो चाळणीनं. वाळू चाळायची जी लोखंडी चाळणी असते तिच्यातली बारीक जाळीची आणली गंजगोलाईतून, प्रत्येक पोतं तिच्यावर ओतून हलवून मगच हॉपरमध्ये. दहा मिनिटाचं काम. सुतळी, खडा, चुरा सगळं तिथंच कळतं. चुरा फेकत नाही, आत्याबाई शेणात कालवून गोवऱ्या थापतात त्याच्या.

जानेवारीत परत कांड्या पडायच्या बंद झाल्या आन मी आधीच्यासारखंच हॉपर उपसायला निघाले होते, पण या वेळी आवाज वेगळा होता. मोटर व्यवस्थित फिरायली होती, घुंं असा दबलेला आवाज नव्हता. भाऊजींना फोनवर ऐकवलं तर त्यांनी तिथूनच सांगितलं की स्क्रू मोकळा आहे, मोटरच सुटलीय. आन तसंच निघालं, मोटरच्या शाफ्टवर जो बारका ग्रब स्क्रू असतो, अॅलन कीनं आवळायचा, तो ढिला होऊन मोटर एकटीच गरगरायली होती. आवळला, दोन मिनिटं. म्हणून म्हणते आधी कान द्या. मोटर घुमते पण फिरत नाही, तर आत अडकलंय. मोटर छान फिरते पण कांड्या येत नाहीत, तर जोड सुटलाय किंवा हॉपरच्या तोंडाशी कांड्यांनी कमान धरलीय. कमान म्हणजे लांब लांब कांड्या एकमेकींत आडव्या बसून वर छत करतात आन खाली पोकळी पडते, वरून बघितलं तर डबा भरलेला दिसतो. लाकडी काठीनं एकदा हलवलं की खळकन पडतात. तेही प्लग काढूनच.

जाळाच्या भांड्याचं वेगळं आहे, तिथं अडकतं ते राखेचं. पेलेट कशाचे आहेत त्यावर सगळं. लाकडाच्या भुशाच्या कांड्यांची राख अगदी थोडी पडते, शंभर किलोला एखादा किलो. शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्यांची राख कितीतरी पटीनं जास्त, आन त्यात माती आलेली असली तर ती राख जास्त तापल्यावर वितळून तिचा दगड होतो, काचेसारखा, भोकं असलेला. आम्ही त्याला खंगर म्हणतो, वीटभट्टीवर जास्त भाजलेल्या विटेला म्हणतात तसं. तो खंगर भांड्याच्या हवेच्या भोकांवर बसतो, हवा कोंडते, धूर सुरू होतो, कांड्या न जळता साचतात आन तो ढीग मागं पाईपाच्या तोंडापर्यंत येऊन स्क्रूला अडवतो. रोज सकाळी पेटवायच्या आधी भांडं पालथं करून झटकायचं आन सळईनं एक एक भोक टोचायचं, एवढं केलं तर हा त्रास होत नाही. आम्ही तीन ठिकाणचे पेलेट वापरून बघितले, एमआयडीसीतल्या एकाचे एक रुपयानं स्वस्त होते, सोयाबीनच्या गुळीचे, दोन दिवसांत भांडं खंगरानं भरलं. आता भुशाचेच घेतो. घेताना कांडी मोडून बघायची, कट्कन मोडली पाहिजे आन अंगाला चकाकी पाहिजे, बोटात चुरगळली तर ते पोतं परत.

लाईट जाण्याचं पण लक्षात घ्या. लाईट गेली की ब्लोअर बंद, आन जाळ मागं पाईपात सरकायला लागतो, स्वयंपाकघरात धूर कोंडतो. हा धूर विषारी असतो, खिडकी दार उघडं पाहिजेच, झोपायच्या खोलीजवळ ही भट्टी नकोच. मोटर आन ब्लोअरला वीज फार लागत नाही, आमच्या साध्या इन्व्हर्टरवर चालते, तो जोड पहिल्या दिवशीच करून घ्या.

घ्यावी का, तर ज्यांच्याकडं रोज चाळीस-पन्नास माणसांच्या वर स्वयंपाक आहे आन घरात एक तरी माणूस पाना धरणारं आहे त्यांनी जरूर घ्यावी. पाचापैकी साडेतीन स्टार देते भट्टीला, सर्व्हिसला एक. चार माणसांच्या घराला मात्र नको, रोज पेटवणं, राख काढणं, चाळणं एवढ्या कामात गॅसच बरा पडतो.

दिवाळीनंतर दुसरी भट्टी घ्यायचा विचार आहे कारण खाली मुलींची वेगळी पंगत सुरू करायचीय. विकणाऱ्याला मी आधीच सांगून ठेवलंय की पाईपाच्या पोटाला खालून उघडणारं दार पाहिजे, चार बोटं रुंद, दोन फुलपाखरी नटांवर, म्हणजे मोटर न काढता भुकटी काढता येईल. जुन्या भट्टीला भाऊजींनी वेल्डिंगवाल्याकडून तसं दार करून घेतलंय, कडेला ग्लास फायबरची दोरी लावली आतली हवा बाहेर पडू नये म्हणून, रविवारी संध्याकाळी लेकरांना सुट्टी असते तेव्हा ते दार उघडते, ब्रश फिरवते, परातीत मूठभर भुकटी पडते. विकणारा म्हणाला कंपनीला विचारून सांगतो. मी म्हटलं विचारा, दार असेल तर अॅडव्हान्स त्याच दिवशी देते.